पुढच्यास ठेच लागली. मागचा शहाणा झाला का?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. घाटाखालच्या एका खेड्यातील शेचाळीस वर्षांचे एक शेतकरी दवाखान्यात आले. पायाला विळा लागला होता. जखम लहानशी, पण तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २१४, जेवणानंतर ३३१. मी कागद त्यांच्या हाती दिला आणि म्हटले, ‘भाऊ, तुम्हाला मधुमेह आहे.’

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, म्हंजे आता साखर बंद का?’ मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने पदर सावरून विचारले, ‘यायच्यासाठी आता येगळा सैपाक करा लागीन का?’ तेवीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवीत दाराशी उभा होता. त्याने काहीच विचारले नाही. त्याच्या दृष्टीने हा प्रश्न वडिलांचा होता.

वाचकहो, तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात हेच दृश्य मी किती वेळा पाहिले असेल, याची गणती नाही. खुर्चीत एक रुग्ण बसलेला असतो आणि त्याच्या मागे घर उभे असते. आम्ही डॉक्टर मंडळी कागदावर एकच नाव लिहितो, एकालाच गोळ्या देतो, एकालाच पथ्य सांगतो. घर ते ऐकते आणि बाहेर पडते. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मधुमेहाच्या बाबतीत मात्र पुढच्याला ठेच लागते आणि मागचा त्याच दगडाकडे निवांत चालत जातो. असे का होते आणि काय केले तर होणार नाही, याविषयी आज लिहायचे आहे.

निदानानंतरचे चाळीस दिवस

मधुमेहाचे निदान झाल्यावर घरात काय घडते, ते बहुतेक ठिकाणी सारखेच असते. पहिला आठवडा भीतीचा. चहा बिनसाखरेचा होतो, भात बंद होतो, पहाटे उठून फिरणे सुरू होते. कधी न घातलेले बूट विकत येतात. दुसऱ्या आठवड्यापासून सल्ल्यांचा पूर येतो. कोणी कारल्याचा रस सांगतो, कोणी जांभळाच्या बियांचे चूर्ण, कोणी भिजवलेली मेथी, तर कोणी शंभर कोसांवरच्या वैदूची पुडी आणून देतो. रुग्ण बिचारा सगळेच करतो. महिन्याने साखर तपासली की ती उतरलेली दिसते. घरात आनंद होतो आणि नेमकी येथेच चूक होते. ‘नॉर्मल आली’ म्हणून गोळी बंद होते. साखर गोळीमुळे, फिरण्यामुळे आणि पथ्यामुळे उतरली होती, हे कोणी लक्षात घेत नाही. धरणाचे दार लावले म्हणून पाणी थांबले. पाणी थांबले म्हणून आता दार काढून टाका, असे कोणी म्हणेल का?

तोपर्यंत तुळशीचे लग्न लागते आणि लग्नसराई उभी राहते. पंगतीत बुंदी येते. ‘एका दिवसाने काय होते?’ असे म्हणत पाहुणे ताटात वाढतात. आग्रह मोडणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो. एकाचे दोन, दोनाचे दहा दिवस होतात. बूट कोपऱ्यात जातात. सहा महिन्यांनी पाहावे तर घर पुन्हा पूर्वीच्या चाकोरीत.

यात रुग्णाच्या आळसाला दोष देऊन आम्हा डॉक्टरांना सुटता येणार नाही. दात दुखतो, पोट दुखते, तेव्हा माणूस औषध विसरत नाही; दुखणेच आठवण करून देते. मधुमेह बराच काळ दुखत नाही. तो डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडात, पायाच्या नसांत आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आवाज न करता काम करीत राहतो. जे दुखत नाही त्याच्यासाठी रोज दोन वेळा गोळी घ्यायची आणि आवडीचा घास दूर सारायचा, हे एकट्या माणसाकडून आयुष्यभर होणे कठीण आहे. घर सोबतीला असेल तर होते.

गावही सुटलेले नाही

‘आम्ही शेतकरी माणसं, आम्हाले कुठला शुगर?’ हे वाक्य मी आजही ऐकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने चेन्नईच्या संस्थेने सर्व राज्यांत मिळून एक लाख तेरा हजार लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा तो हिशेब आहे. शहरात शंभर प्रौढांमागे सोळा, तर खेड्यात जवळपास नऊ मधुमेही आढळले. म्हणजे पारावर दहा-बारा माणसे बसली असतील तर त्यांत एक असण्याचा संभव आहे. तो कोण, हे मात्र पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते.

दुसरा गैरसमज असा की, हा लठ्ठ माणसांचा रोग आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बालके यांचा जो अभ्यास चालविला, त्याने या समजुतीला धक्का दिला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक असते आणि स्नायू कमी. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासमवेत आपलेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१ टक्के! दिसायला सडपातळ असलेला आपला माणूस आतून तसा असतोच असे नाही. म्हणून वजनकाट्याबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

त्यातच आपली राहणी बदलली. नांगरणी ट्रॅक्टरने होते, शेतात मोटारसायकलने जाणे होते, पाणी बटण दाबून सुरू होते. ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आले आणि पुष्कळ घरांत भाकरीच्या जागी पोळी आली. आजोबा पाच भाकरी खात, हे नातू अभिमानाने सांगतो. आजोबा दिवसभरात किती कोस चालत, ते मात्र सांगत नाही.

घराला धक्का बसतो, पण तो किती दिवस टिकतो?

एकाच्या आजाराचा घरच्यांवर काय परिणाम होतो, याचा परदेशात बारकाईने अभ्यास झाला आहे. डेन्मार्कमधील नोंदींवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, घरातील एकाला हृदयविकाराचा मोठा झटका आला की त्याची पत्नी किंवा पती आणि मोठी मुले स्वतःची तपासणी करून घेऊ लागतात, कोलेस्टेरॉलची औषधे सुरू करतात, आणि हा परिणाम बराच काळ टिकतो. म्हणजे पुढच्याची ठेच पाहून मागचा खरोखरच शहाणा होतो. अमेरिकेत एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मधुमेहाचे निदान झाल्यावर घराच्या किराण्यात काय फरक पडतो, हे खरेदीच्या नोंदींवरून पाहिले. त्यांचा निबंध २०१८ सालचा. फरक पडला, पण थोडाच.

या दोन अभ्यासांतील अंतर विचार करण्यासारखे आहे. हृदयविकाराचा झटका घर हादरवून टाकतो. रात्री गाडी मिळवून अकोल्याला किंवा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, धाव घ्यावी लागते. मधुमेह मात्र एका चिठ्ठीवरचा आकडा असतो. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. जिल्हा हादरला, दिल्लीपर्यंत बातमी गेली, तज्ज्ञांची पथके आली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले. ते योग्यच झाले. केस गळाले की आरशात दिसते. डोळ्याचा पडदा झिरपतो, मूत्रपिंडाची चाळणी फाटते, ते आरशात दिसत नाही. त्याच्यासाठी कोणी पथक येणार नाही. ते काम घरालाच करावे लागेल.

माझ्याच घरातील चूक

हे सारे मी दुसऱ्यांना शिकवतो आहे असे समजू नये. ही चूक माझ्या घरात झाली आणि ती माझ्याच हातून झाली.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९९५ साली त्यांना मधुमेह निघाला. मी नुकताच दवाखाना थाटला होता. घरात डॉक्टर असल्याने त्यांची देखभाल चोख झाली. आईने दुसऱ्याच दिवसापासून दोन चुली मांडल्यासारखे दोन स्वयंपाक सुरू केले. वडिलांची भाजी कमी तेलाची, वरण बिनगुळाचे, भाकरी मोजून दोन. बाकीच्यांचे नेहमीसारखे. सणाला पुरण झाले की वडिलांच्या वाट्याची पोळी उरे. ‘अन्न टाकू नये’ म्हणून ती आईच्या ताटात जाई. दोन्ही स्वयंपाक आटोपून, सर्वांची जेवणे झाल्यावर, उरेल ते ती खाई. चतुर्थीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. वडील पहाटे फिरायला निघत, तेव्हा ती त्यांच्या डब्याच्या तयारीत असे.

ती रात्री दोनदा-तीनदा पाणी प्यायला उठे. मी म्हणे, उन्हाळा आहे. तळपाय बधिर वाटतात म्हणे. मी म्हणे, दिवसभर उभी असतेस. २००४ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तिचे रक्त तपासले गेले. साखर ३१२ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितले की, हा आजार काल-परवाचा नाही, निदान पाच-सात वर्षांचा आहे.

नऊ वर्षे मी दर महिन्याला वडिलांची साखर तपासली होती. त्याच घरात राहणाऱ्या आईचे बोट एकदाही टोचले नव्हते.

एका डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच. पुढे मूत्रपिंडे बिघडली. २०११ साली ती गेली. जाण्याच्या आधीच्या वर्षी ती एकदा मला म्हणाली, ‘तुझ्या बाबांचं पथ्य मी नीट सांभाळलं ना रे?’ मी ‘हो’ म्हटले. त्याहून अधिक मला काही बोलता आले नाही.

पुढे २०१४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवून दिले की, पती किंवा पत्नीपैकी एकाला मधुमेह असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सुमारे २६ टक्क्यांनी अधिक असते. नवरा-बायकोचे रक्ताचे नाते नसते. पण ताट, चहा, झोपण्याउठण्याच्या वेळा आणि चिंता या गोष्टी एकच असतात. आनुवंशिकता मुलांकडे जाते, सवयी साऱ्या घराकडे जातात.

बाई आजारी पडते तेव्हा

पुरुषाला मधुमेह झाला तर निदान वेगळा स्वयंपाक तरी होतो. बाईला झाला तर तेवढेही होत नाही. सगळ्यांचे करून तिला स्वतःसाठी दुसरी भाजी टाकण्याची सवड नसते आणि मागण्याची सवय नसते. तिची गोळी संपली तर ‘बाजाराच्या दिवशी आणू’ असे ठरते. पेरणीच्या तोंडावर पैशांची ओढाताण झाली की पहिली काटछाट तिच्या औषधात होते. आणि ती काटछाट बहुधा तीच करते, कोणाला न सांगता. ती पहाटे एकटी फिरायला निघाली तर गाव काय म्हणेल, हाही प्रश्न असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका भगिनींनी मला विचारले होते, ‘डॉक्टर, अंगणातल्या अंगणात फिरलं तं चालते का?’ चालते, ताई. पण तुमच्याबरोबर तुमचे यजमान फिरले तर दोघांचेही भले होईल.

गरोदरपणी ज्यांची साखर वाढते, त्या भगिनींविषयी तर घर फारच बेसावध असते. बाळंतपण झाले, साखर उतरली, विषय संपला असे वाटते. पण अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा संभव बराच जास्त असतो. तिने दरवर्षी तपासणी केली पाहिजे आणि सासरने तिला त्याची आठवण दिली पाहिजे.

आणखी एक नाजूक गोष्ट. काही मुलामुलींना लहानपणीच मधुमेह होतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी अशी मुले जगत नसत. आज ती शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पण मुलीच्या लग्नाच्या काळजीने घर आजार लपवते आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून इन्सुलिन थांबवते. यात जीव जाऊ शकतो. या मुलांचे इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये. अगरबत्ती, अंगारा, पुडी यांपैकी कशाचीही श्रद्धा बाळगा. इन्सुलिन चालू ठेवून बाळगा.

भीती दाखवून काय साधले?

पूर्वी माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर सडलेल्या पायांची चित्रे होती. साखर वाढली की मी रुग्णाला त्यांच्यासमोर उभे करून रागवत असे. परिणाम काय झाला? ज्यांनी पथ्य मोडले ते यायचेच बंद झाले. पथ्य पाळणारे आले, न पाळणारे घरी बसले; म्हणजे ज्यांना माझी गरज होती तेच दुरावले. आता ती चित्रे काढून टाकली आहेत. घरीही हेच घडते. मुलगा बापाच्या ताटावर पाळत ठेवतो, सून सासूचा डबा तपासते, मग सासू देवळाच्या वाटेवर पेढा खाते. पहारा ठेवल्याने चोरी शिकते. ज्या ताटात सगळे सारखे जेवतात, तेथे पहाऱ्याची गरज पडत नाही.

म्हणून माझे मत असे की, मधुमेह झाला की घरात वेगळा स्वयंपाक करणे बंद करावे. मधुमेह्याचा आहार हा काही आजाऱ्याचा आहार नाही. निम्मे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट वरण किंवा उसळ, पाव ताट भाकरी किंवा पोळी. अंबाडी, मेथी, चवळी, वांगे, काकडी, मुळा हे आपल्याच मातीतले. ज्वारीची भाकरी उत्तम, पण तीही मोजून. ज्वारी आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. चहात साऱ्यांचीच साखर निम्मी करा. महिनाभरात जिभेला तेच गोड लागते. गूळ आणि मध साखरेऐवजी चालतात हा समज सोडा. शेगावला दर्शनाला गेलात तर एक कचोरी चौघांनी वाटून खा. प्रसाद चिमूटभर घ्या. हे अन्न नातवाने खाल्ले तर त्याचेही कल्याणच आहे.

हे करून खरेच फरक पडतो का? चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या लोकांवर जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. केवळ आहार आणि चालणे सुधारून तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेतील अशाच मोठ्या प्रयोगात, २००२ साली, ते ५८ टक्क्यांनी घटले होते. ही किमया कोणत्या महागड्या औषधाची नव्हती.

महिनाभरात करावयाची कामे

ज्या घरात एक मधुमेही आहे, त्या घराने पुढील गोष्टी याच महिन्यात कराव्यात.

पहिली : तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासावी. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी ही सोय आहे, आशाताईंना विचारा. वजन जास्त असेल किंवा आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर तिशीची वाट पाहू नये. उपाशीपोटी शंभरच्या आत साखर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याहून अधिक आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना भेटावे.

दुसरी : जेवणानंतर पंधरा मिनिटे आणि दिवसातून एकदा अर्धा तास चालावे. एकट्याने चालणे सुटते, जोडीने टिकते.

तिसरी : मधुमेह्याचे पाय घरातील दुसऱ्या कोणीतरी रोज रात्री पाहावेत. बधिर पायाला काटा कळत नाही, पाहणाऱ्याला दिसतो. अनवाणी शेतात जाऊ नये.

चौथी : वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांतील खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना हे विशेष आग्रहाने सांगतो. मूत्रपिंडाच्या आजाराने तेथील घरे आधीच गांजलेली आहेत. त्यावर मधुमेहाचा भार पडला तर मूत्रपिंडाला तो पेलवणार नाही. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेत राहू नयेत.

पाचवी : साखर नॉर्मल आली तरी गोळी स्वतःहून बंद करू नये.

अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. पाऊस कसा, पीक कसे, हे दुसऱ्या दिवशी ऐकायला आपल्या जिल्ह्यातूनच नव्हे तर बाहेरूनही शेतकरी येतात. येत्या वर्षात काय वाढून ठेवले आहे हे जाणण्याची ओढ माणसाला असतेच. आपल्या शरीराविषयी ती ओढ आपण का दाखवीत नाही? तेथे तर रक्ताचा एक थेंब पुरतो.

आता त्या शेतकरी बंधूंकडे परत येतो. त्या दिवशी मी त्यांच्या पत्नीला आणि मुलालाही बसवून घेतले. मुलगा म्हणाला, ‘मले काय झालं? मी तं ठणठणीत आहो.’ मी म्हटले, ‘बाबा, मीही असेच म्हणत होतो,’ आणि माझ्या आईची हकिगत त्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही उपाशीपोटी आले. आईची साखर ठीक निघाली. मुलाची ११८ आली. तेवीस वर्षांचा, दिसायला काटकुळा, आणि उंबरठ्यावर उभा.

वडिलांची जखम भरायला सहा आठवडे लागले. परवा तिघे पुन्हा आले होते. मुलाने सांगितले की, शेत दोन किलोमीटरवर आहे आणि हल्ली सकाळी बापलेक पायीच जातात. मोटारसायकल दुपारी डबा घेऊन येणाऱ्या धाकट्या भावासाठी घरी ठेवतात. मी विचारले, ‘मग धाकट्याची साखर कधी तपासायची?’ तिघेही हसले. या गुरुवारी त्याला घेऊन येतो म्हणाले.

वाचकहो, आपल्या घरात मधुमेही कोण आहे, हे आपल्याला ठाऊक असेल. त्याच्या पंक्तीला बसून जेवणारे आणखी कोण कोण आहेत, त्यांची नावे आज रात्री एका कागदावर लिहा. स्वयंपाक करणारीचे नाव सर्वांत आधी लिहा. मी ते लिहायला नऊ वर्षे उशीर केला.